गडचिरोलीवरून बास्केट

जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये आलेल्या कुठल्याही नव्या मराठी माणसाला विद्याताई मोहिते पहिला प्रश्न विचारतात, "गाव कुठलं?" समोरचा बिचारा "धुळे" म्हणतो. लगेच ताई म्हणतात, "धुळे! डांबरी कोर्ट. दुपारच्या मॅचला बूट चिकटायचे." कुणी अकोला म्हणालं तर, "रिंगला जाळी नव्हती. बॉल आत गेला की नाही यावर अर्धा तास भांडण."

ताई सांगलीच्या. कॉलेजच्या बास्केटबॉल टीमच्या कॅप्टन. महाराष्ट्र त्यांना नद्या-डोंगरांनी नव्हे, कोर्टांनी पाठ आहे. आता साठीला आल्यात, मेडिकल यंत्रांच्या कंपनीत नोकरी करतात आणि आमच्या वरच्या मजल्यावर एकट्या राहतात. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी सांगितलं, उड्या बंद. ताई म्हणाल्या, "गेनाऊ! बरोब्बर! म्हणून मी लांबून टाकते."

आमची इरा नऊ वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये. शाळेत 'आईबाबांचा प्रांत' यावर बोलायचं होतं. मी नकाशा उघडून बसलो, तिने जांभई दिली. ताई तिला हाताला धरून खाली अंगणात घेऊन गेल्या आणि खडूने फरशीवर अख्खा महाराष्ट्र काढला. गॅरेजच्या भिंतीवर रिंग आहे, तिथे अरबी समुद्र.

"मुंबईवरून कोणीही टाकेल. नाशिकवरून टाक."

"त्सू वाइट!" इरा ओरडली. फार लांब.

"लांब? अजून नागपूर यायचंय, गडचिरोली यायचंय!"

आठवड्याभरात पोरीला फरशीवरचे सगळे जिल्हे तोंडपाठ. गडचिरोलीवरून बास्केट झाली त्या दिवशी दोघींनी इतका आरडाओरडा केला की तळमजल्यावरच्या फोगेल आजोबांनी खिडकी आपटली.

मग हाऊसफरवाल्टुंगचं, म्हणजे इमारतीच्या व्यवस्थापनाचं पत्र आलं. बॉलचा आवाज बंद करावा, अंगणातलं चित्र पुसावं.

मी घाबरलो. बादली भरली. ताई जिन्यातच आडव्या आल्या.

"मंदार, बादली ठेव खाली. आपण नियम मोडून दुपारच्या शांततेच्या वेळात खेळतो का? रविवारी खेळतो का? नाही ना? मग?"

त्यांनी दोन पानी उत्तर लिहिलं. पहिलंच वाक्य होतं, 'हे चित्र नाही, महाराष्ट्र आहे.' शेवटचं, 'पावसाने पुसला तर हरकत नाही. माणसाने पुसू नये.' उत्तराची एक प्रत त्यांनी फोगेल आजोबांच्या हातात नेऊन दिली आणि समोर उभं राहून वाचायला लावली. व्यवस्थापनाकडून पुन्हा काही आलं नाही. आजोबा मात्र खिडकीत खुर्ची टाकून खेळ बघत बसू लागले.

शाळेतलं भाषण झकास झालं. त्या संध्याकाळी ताई आणि मी अंगणात असताना इरा शाळेचा छापील नकाशा आणि खडू घेऊन उतरली, खडूच्या नकाशाशी ताडून पाहू लागली आणि थांबली.

"बीड फेल्ट," ती म्हणाली. बीड राहिलंय.

मला वाटलं, ताई कपाळावर हात मारतील. त्यांनी हातातला बॉल काखेत धरला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तिथलं कोर्ट मी पाहिलं नाही. राज्याची फायनल तिथे होती. त्याच दिवशी मोहित्यांकडचे बघायला येणार होते. बाबा म्हणाले, फायनल काय, पुढच्या वर्षीही येईल. मुली माझ्याशिवाय गेल्या. पुढच्या वर्षी मी इथे होते."

"मग जिंकल्या का?" मी विचारलं.

"माहीत नाही. कधी कुणाला विचारलं नाही."

"आता शोधता येईल, ताई. एखादीला फोन—"

"खबरदार!"

त्यांनी इराच्या हातातून खडू घेतला, वाकताना गुडघा धरला, आणि जालन्याच्या खाली एक ठळक ठिपका काढला. त्यावर उभ्या राहिल्या. बॉल दोनदा आपटला.

"इरा, इकडे ये. समोर उभी राहा, मला अडव," त्या म्हणाल्या. "आज्जी म्हणून सोडायचं नाही. खरंखुरं अडव."

इरा दोन्ही हात पसरून समोर उभी राहिली.