लटारीभाऊचा इंग्रज

लटारीभाऊ ओरडला तेव्हा मला वाटलं, याच्या घरात अस्वल शिरलं. हातातलं सूप टाकून मी धावले. भर दुपार, वैशाखाचं ऊन, गल्लीत कुत्रंही नव्हतं. पाहते तर हा उंबऱ्यात उभा. नुकताच एका लग्नाहून परतलेला, अंगावर तेच कपडे, आणि दोन्ही हातांवर त्याच्या चावीच्या बाजाची, म्हणजे ग्रामोफोनची, काळी ताटली. ती ताटली ओल्या पोळीसारखी दोन्हीकडून लोंबत होती. मागं गाण्यांची पेटी उघडी पडली होती. आतल्या सगळ्या ताटल्या एकमेकींना चिकटून द्रोणांच्या गठ्ठ्यासारख्या वाकल्या होत्या.

"कोनं केलं हे?" त्यानं मला विचारलं.

"मले काय माहीत?"

"मंग तुमीच पहिल्या काऊन आल्या?"

"तुमी बोंबलले म्हणून आली, भाऊ."

"पाहून राह्यलो बरं मी," तो म्हणाला.

हे त्याचं रोजचं वाक्य. लटारीभाऊ आमच्या गावच्या लाकूडडेपोवर नाकेदार होता. जंगलातून येणारी प्रत्येक गाडी त्याच्या नाक्यावर थांबायची आणि तो हातभर लांब लोखंडी सळई घेऊन तिच्यात खुपसायचा. तणसाखाली, म्हणजे भाताच्या पेंढ्याखाली, सागवान लपवून नेतात म्हणून. नोकरीच तशी, त्याला दोष नाही. पण माणूस घरी आला तरी त्याची सळई हातातच असायची. वांगी विकत घेताना तो वांग्यात खुपसायचा. एकदा नवरीच्या गाडीतल्या गादीत खुपसली, नवरी किंचाळली, तेव्हा म्हणाला, "आवाज खरा हाय, जाऊ द्या." कोणी राम राम केला तर लोक राम राम म्हणतात. हा म्हणायचा, "काऊन?"

बायको नव्हती. एकदा स्थळ आलं होतं, मुलगी चांगली होती. यानं तिच्या बापालाच विचारलं, "एवढी चांगली हाय तं मले काऊन देऊन राह्यले?" बाप उठला आणि बैल जुंपून निघून गेला.

तो बाजा आणि ताटल्यांची पेटी त्याला लाकडाच्या कंत्राटदाराच्या मॅनेजरनं दिली होती. मॅनेजर दूर कुठं बदलून गेला, ओझं नको म्हणून देऊन गेला. फुकट दिली म्हणून हा कितीतरी दिवस तिला हातच लावेना. आत काहीतरी असेल म्हणायचा. शेवटी आम्ही गल्लीतल्या बाया त्याच्या दारात जाऊन बसलो, तेव्हा त्यानं चावी फिरवली.

पेटीत भजनं होती, नाटकातली लांबलचक गाणी होती, रडणाऱ्या बाया होत्या. आणि एक इंग्रजी ताटली होती. तिच्यात एक माणूस लाल मुंग्या चावल्यासारखा ओरडायचा आणि मागं कोणीतरी ढोल बडवायचा. धाड धड-धड, धाड धड-धड. आम्ही बायांनी तोंडाला पदर लावला. माझी सासू म्हणाली, "या माणसाले कोनीतरी पाणी द्या." लटारीभाऊ मात्र हसला नाही. भोंग्याजवळ कान नेऊन डोळे मिटून बसला. त्याचे डोळे मिटलेले गावानं पहिल्यांदा पाहिले.

पुढं तो ती ताटली रोज नाक्यावरून आल्यावर लावायचा. दुसऱ्यानं ऐकलेलं मात्र त्याला खपत नसे. ऐकून ऐकून गाणं झिजतं, असं त्याचं म्हणणं. पोरं गल्लीत "धाड धड-धड" करू लागली तर सळई घेऊन मागं लागायचा. "फुकट घेऊन चालले काय?"

आणि मग तो माझ्या कुंपणाशी येऊन उभा राहू लागला.

त्या वेळी गावात गिरणी नव्हती. भात उखळात कांडावं लागे. मी मुसळ उचललं की हा कुंपणाशी हजर. नुसता मुसळाकडं पाहायचा. एक दिवस म्हणाला, "मुसळ कुठलं हाय?"

मुसळ धावड्याच्या लाकडाचं होतं आणि माझ्या नवऱ्यानं ते परवान्याशिवाय जंगलातून तोडून आणलं होतं. नाकेदारानं लिहून दिलं असतं तर दंड झाला असता, नवऱ्याला डेपोवर कामही मिळालं नसतं. मी म्हटलं, "माहेरचं हाय."

"पाहून राह्यलो बरं मी."

त्या दिवसापासून कांडणं झालं की मी मुसळ तणसाच्या ढिगात लपवायला लागले. कांडताना एक डोळा भातावर, एक कुंपणावर. हा माणूस दंडासाठी टपला आहे याबद्दल मला काही शंका नव्हती.

आता त्या दुपारचं सांगते. मी ती लोंबणारी ताटली हातात घेतली आणि नाकाशी नेली. वास ओळखीचा. माझ्या माहेरी पळसाच्या फांद्यांवरून लाख काढतात, चुलीवर धरली की असाच वास सुटतो.

"भाऊ, हे तं लाख हाय. ठेवल्या कुठी होत्या?"

त्यानं वर बोट दाखवलं. त्या उन्हाळ्यात त्यानं खोलीवरचे मातीचे कवेलू काढून टिनाचे पत्रे ठोकले होते. कवेलू सरकवून चोर उतरतो, पत्र्यातून उतरत नाही. लग्नाला जाताना पेटी पत्र्याच्या अगदी खाली, आढ्याला बांधून ठेवली होती, कोणाचा हात पोचू नये म्हणून.

"मंग चोर नाई आला," मी म्हटलं. "ऊन आलं."

मी तोंडाची फटकळ आहे. तो खाली बसला. काखेतली सळई त्यानं बाजूला ठेवली, आणि ते पाहून मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी नाक्यावर गाडी आली तर हा म्हणाला, "जा." बघितलं नाही, विचारलं नाही. तिसरी गाडी, चौथी गाडी, "जा." आता गावालाच संशय आला. नाकेदार सोडून राह्यला म्हणजे वरून कोणी साहेब लपून बसला असेल. चोरून सागाच्या बल्ल्या आणलेल्या दोघांनी त्या रातोरात परत जंगलात नेऊन टाकल्या. त्याच्या सळईनं कधी जंगल एवढं वाचलं नव्हतं.

मग एका सकाळी तो माझ्या अंगणात आला. एका हातात सळई, काखेत बाजा. मी समजले, आज दंड.

"पार्बताबाई, मुसळ काढा."

"मोडलं. चुलीत घातलं."

तो सरळ तणसाच्या ढिगाकडं गेला, एकदाच सळई खुपसली, ठक्क आवाज आला. मुसळ ओढून काढलं आणि माझ्यापुढं धरलं.

"घ्या दंड, कराचा तो करा," मी म्हटलं. "पण नवऱ्याचं नाव लिहू नोका."

"कशाचा दंड?" तो म्हणाला. "कांडा."

मी मुसळ घेतलं. तो उखळाजवळ बसला, बाजा पुढ्यात ठेवला आणि चावी भरू लागला.

"त्या इंग्रजाचा ढोल तुमच्या मुसळात हाय. पयल्या दिवसापासून आयकून राह्यलो मी. कांडा."

"त्या ओरडणाऱ्यात तुमाले एवढं काय गोड लागते, भाऊ?"

त्यानं चावीचे आणखी दोन फेरे दिले.

"दिवसभर जो येते तो मले खोटं सांगते. 'तणसच हाय, भाऊ.' 'परवाना घरी राह्यला, भाऊ.' भजन आयकलं तरी वाटते, हा बुवा खरा हाय काय? या इंग्रजाचं मले कायीच समजत नाई. मंग त्याचं खोटं धरू कसं? थोडा वेळ बसतो गुपचूप."

मी उखळात भात टाकला. त्यानं कळ सोडली. बाजाची रिकामी थाळी गरगर फिरू लागली, वर ताटली नाही, काही नाही. मी मुसळ उचललं. धाड धड-धड, धाड धड-धड. माझ्या हाताला ते खरंच येत होतं, मलाच माहीत नव्हतं.

"आता ओरडा," तो म्हणाला.

"मी? माझी सासू आत हाय."

तेव्हा लटारीभाऊनं डोळे मिटले, मान वर केली आणि तो स्वतःच ओरडला. सगळं गाणं. एक शब्द कळला नाही, पण कुठं श्वास घ्यायचा, कुठं उडी मारायची, सगळं त्याला पाठ होतं. कोंबड्या पळाल्या. सासू दारात आली. कुंपणाला माणसं लागली. त्याला कोणी दिसत नव्हतं. चावी उतरली, थाळी हळू झाली, तसा तो हळू झाला आणि थाळी थांबली तिथं थांबला.

डोळे उघडून म्हणाला, "शेवटचा ठोका खाल्ला तुमी."

"खाल्ला तं खाल्ला."

"पाहून राह्यलो बरं मी." आणि बाजा काखेत घेऊन गेला. मुसळ माझ्यापाशीच ठेवून गेला.

पुढं गिरणी आली तरी तो होता तोवर मी घरी थोडं भात कांडत राहिले. लटारीभाऊ जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या पेटीतलं एकच गाणं त्या उन्हाळ्यातून वाचलं, अर्धं त्याच्या गळ्यात, अर्धं माझ्या मुसळात. त्याचं ओरडणं त्याच्याबरोबर गेलं. ढोल माझ्याकडं आहे.