दिगूकाकांसाठी चाळीस मिनिटे

दिगूकाका सोमवारी सकाळी मोसंबी सोलता सोलता वारले आणि त्या आठवड्यात घरात कुणालाच वेळ नसल्यामुळे अंत्यविधीचा दिवस ठरेपर्यंत घरीच थांबले.

वय एकोणऐंशी. जिल्हा परिषदेतून निवृत्त, बिनलग्नाचे. धाकटे भाऊ विनायकराव यांच्याकडे निंबगावात राहत होते. डॉक्टर येऊन दाखला देऊन गेले. शेजारच्या रेडकरांनी आंघोळ घातली, नवे धोतर नेसवले, नाकात कापूस घातला. मग सगळे आपापली डायरी घेऊन बसले. दिगूकाका भिंतीला टेकून बसले होते.

विनायकरावांच्या पतसंस्थेत गुरुवारपर्यंत तपासणी होती. त्यांच्या पत्नी सुलभाताईंकडे बुधवारी भिशी. शुक्रवारी टाकीसाठी प्लंबर यायचा होता आणि तो दोन महिन्यांनी येत असल्याने त्याला परत पाठवणे शक्य नव्हते. शनिवारी खरेदी. रविवारी अकराला थोरल्या ओंकारचा साखरपुडा.

"आज संध्याकाळी करू या ना," केतकी म्हणाली. ती ओंकारची धाकटी बहीण, कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होती.

"आज अग्नी दिला की आजपासून दहा दिवस सुतक," सुलभाताई म्हणाल्या. "मग साखरपुडा कसा करायचा? अग्नी देईपर्यंत सुतक लागत नाही. गुरुजींना विचारलंय मी."

"आई, माणूस गेलाय आपल्या घरातला."

"मग त्यांना आता कसली घाई आहे?"

दिगूकाका तेवढ्यात दाखला उलटून मागची बाजू वाचत होते. कुठलाही सरकारी कागद मागच्या बाजूने वाचल्याशिवाय त्यांनी नोकरीत कधी पुढे सरकवला नव्हता.

"विनू, घाई आहे," ते म्हणाले. कापसामुळे आवाज सर्दी झाल्यासारखा येत होता. "मुदत सात दिवसांची आहे. रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत अंत्यविधी झाला नाही तर मृत्यू रद्द. संबंधितास नव्याने मरावे लागेल, असं लिहिलंय."

"म्हणजे तू परत जिवंत होणार? बरंच की, दादा."

"परत मरेपर्यंत," दिगूकाका म्हणाले आणि दाखल्याची नीट घडी घातली.

मंगळवारपासून घराची गाडी रुळावर आली. मेलेल्या माणसाला भूक लागत नाही, दुपारची झोप येत नाही आणि रांगेत उभे राहिले तरी पाय दुखत नाहीत, हे घरच्यांच्या हळूहळू लक्षात आले. दिगूकाका सिलिंडरच्या गाडीची वाट बघत फाटकात थांबले. वीज मंडळाच्या खिडकीवर दोन तास उभे राहून त्यांनी मीटरची तक्रार नोंदवली. बुधवारी भिशीच्या बायकांच्या चपला त्यांनी जोड्यांनी लावून ठेवल्या. बायकांनी त्यांना नमस्कार केला, दोघींनी हारही घातले, आणि मग आत जाऊन चिठ्ठ्या उचलल्या.

"खरं सांगू, दादा," सुलभाताई म्हणाल्या, "दोन दिवसांत तुमची किती मदत झाली हो. आधी कधी झाली नव्हती."

"आधी गुडघे दुखायचे," दिगूकाका म्हणाले.

घरात मयत असल्याने चूल पेटवायची नव्हती. रिवाजाप्रमाणे शेजाऱ्यांनी पिठलं-भात आणून दिला. मयत मंगळवारीही घरातच असल्याने मंगळवारीही दिला. गल्लीत आणखी सहा घरे होती आणि दोन्ही वेळचे जेवण पाळीने येत होते. गुरुवारी पाळी फिरून पुन्हा रेडकरांकडे आली तेव्हा रेडकरांच्या कुंदाताई पातेले घेऊन थेट दिगूकाकांसमोर उभ्या राहिल्या.

"दिगूभाऊ, राग मानू नका. तुमचं जायचं कधी?"

"मी तयार आहे, वहिनी. माणसं जमत नाहीत."

"आमच्या गल्लीला आता बेसनाचा वास येतो. आमचे हे रात्री झोपेत ढेकर देतात."

"तुमचे हे खांदा देतील का?"

"देतील म्हणजे? आत्ता पाठवते."

केतकीला हे सगळे असह्य झाले. माणसाला जगण्याचा हक्क आहे असे पुस्तकात पहिल्याच प्रकरणात होते. वेळेवर जाण्याचा हक्क मात्र कुठेच नव्हता आणि त्याबद्दल कुणाला लाजही वाटत नव्हती. ती त्याच दुपारी नगरपालिकेत गेली. अंत्यविधी खिडकीवर खुस्पे नावाचे कारकून होते.

"मुदत वाढवून मिळेल का?"

"नाही."

"मग काय काय लागतं?"

खुस्प्यांनी फॉर्म दिला. "मयत स्वतः हजर पाहिजे. चार खांदे पाहिजेत, चारही एका वेळी, चाळीस मिनिटं. रविवारची साडेचारची वेळ रिकामी आहे, ती लिहून ठेवतो."

"मुलीचा खांदा चालतो?"

"रकान्यात 'खांदा' एवढंच आहे," खुस्पे म्हणाले. "तो कुणाचा, ते आम्ही बघत नाही. चार आहेत का ते बघतो. लोक तीन घेऊन येतात आणि मग हुज्जत घालतात."

केतकीने पहिल्या रकान्यात स्वतःचे नाव लिहिले. दुसऱ्यात रेडकर. तिसऱ्यात विनायकरावांनी डायरी बघून, साडेतीन ते पाच या वेळेत, सही केली. नवरदेवाने साखरपुड्याच्या दिवशी तिरडीला हात लावायचा नाही असे सुलभाताईंनी बजावल्यामुळे ओंकार बाद झाला. चौथ्या खांद्यासाठी पुण्याहून येणाऱ्या आतेभावाला, अतुलला फोन केला. तो म्हणाला, साखरपुड्याला येतोच आहे, तेवढ्यात हेही करून जाईन.

शुक्रवारी प्लंबरची वाट बघत केतकी आणि दिगूकाका गच्चीत टाकीशेजारी बसले. प्लंबर अकराला येणार होता. एक वाजला होता.

"काका, भीती वाटते का?"

"मरायची नाही वाटत. ते झालं," दिगूकाका म्हणाले. "पुन्हा मरायची वाटते. हे बघ, मोसंबी हातात होती. दोन फोडी खाल्ल्या, तिसरी सोलत होतो, संपलं. दुखलं नाही, खुपलं नाही. असं मरण एखाद्यालाच मिळतं. पुढच्या खेपेला काय येईल कुणास ठाऊक. समज, दोन वर्षं अंथरुणाला खिळलो."

"आम्ही आहोत ना."

दिगूकाकांनी तिच्याकडे पाहिले. त्यांना डोळे मिचकावता येत नसल्यामुळे ते पाहणे जरा लांबले.

"बाळ, तुम्हाला चाळीस मिनिटं सापडेनात," ते म्हणाले. आवाजात राग मुळीच नव्हता.

मग प्लंबर आला. दिगूकाकांनी त्याला वॉशर दोन वेळा काढून लावायला लावला.

रविवारी साखरपुडा थाटात झाला. दिगूकाका मागच्या खोलीत बसले होते. व्याह्यांना सांगितले होते की ते वारले आहेत, तेव्हा व्याही आत जाऊन त्यांना भेटून आले आणि दिगूकाकांनी बासुंदीची वाटी नाकारली म्हणून जरा हिरमुसले. जेवणे लांबली. फोटो लांबले. पावणेचार झाले तेव्हा अंगणात तिरडी बांधून तयार होती. सुलभाताई पैठणी बदलून साधे पातळ नेसल्या आणि त्यांनी दिगूकाकांच्या पायावर डोके ठेवले. त्यांना खरोखरच रडू आले.

"अतुल कुठाय?" केतकीने विचारले.

"गेला की तीनच्या गाडीनं," ओंकार म्हणाला. "उद्या सकाळी त्याच्या मुलाची अबॅकसची परीक्षा आहे म्हणे. काकांच्या पाया पडून गेला."

केतकी गल्लीत धावली. पहिल्या घरी पाहुणे आले होते. दुसऱ्या घरच्यांचा खांदा निखळलेला होता. तिसऱ्या घरी कुणीतरी आतून, आम्ही घरात नाही, असे सांगितले. तिने एका रिक्षावाल्याला थांबवले. तो म्हणाला, "ताई, आलो असतो, पण आमच्या भागातल्या एकाला शब्द दिलाय, त्यांचीही मुदत आज पाचपर्यंतच आहे." ती परत आली तेव्हा चार वाजून पाच मिनिटे झाली होती.

"तिघांनी उचलू," ती म्हणाली. "किंवा मी दोन खांदे देते. एक डावा, एक उजवा. कुठल्या कायद्यात बसत नाही ते मला दाखवू देत."

"बसत नाही," दिगूकाका शांतपणे म्हणाले. "रकाने चार आहेत." ते खुर्चीतून उठले आणि धोतर सावरले. "चौथा मी देतो. मी मोकळा आहे."

विनायकरावांनी डायरीतून मान वर काढली. "दादा, मग तिरडीवर कोण?"

"पोचल्यावर मी झोपतो. तेवढीच हलकी जाईल. तुझी पाठ धरलीये ना?"

त्यात नाकारण्यासारखे काही नव्हते. पुढे विनायकराव आणि रेडकर, मागे केतकी आणि दिगूकाका, अशी यात्रा निघाली. रस्त्यातले लोक थांबून नमस्कार करत होते आणि दिगूकाका मान झुकवून तो स्वीकारत होते. चढावर केतकीची चाल मंदावली तेव्हा त्यांनी तिच्याकडचा बांबू जरा आपल्या बाजूला ओढून घेतला.

"काका, राहू दे. मी देते."

"माहीत आहे, देतेस ते," दिगूकाका म्हणाले.

स्मशानात खुस्पे रविवारच्या ड्यूटीवर होते. त्यांनी घड्याळ पाहिले, खांदे मोजले, मग रिकामी तिरडी पाहिली.

"मयत?"

"हजर," दिगूकाका म्हणाले.

"खांदा आणि मयत एकच?" खुस्प्यांनी परिपत्रक काढून वाचले. पान उलटले, मागची बाजूही वाचली. "याबद्दल इथे काही नाही."

"मग मनाई नाही," केतकी म्हणाली.

खुस्प्यांना हे पटले. चार वाजून बावन्न मिनिटांनी त्यांनी शिक्का मारला. दिगूकाकांनी शिक्क्याची तारीख तपासली, केतकीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि स्वतःच सरणावर जाऊन दक्षिणेकडे डोके करून झोपले. विनायकरावांनी अग्नी दिला. त्या वेळी त्यांचा फोन दोनदा वाजला. त्यांनी तो घेतला नाही.

निघताना खुस्प्यांनी त्यांच्या हातात एक कोरा फॉर्म ठेवला. "तुमचा आगाऊ भरून ठेवा. चार जण एकदम मोकळे सापडायला हल्ली वर्ष-दीड वर्ष लागतं."

रिक्षात विनायकरावांनी फॉर्म गुडघ्यावर ठेवला. रेडकर मधोमध झोपून गेले होते. ओंकारचे नाव एका रकान्यात झाले, अतुलचे पेन्सिलीने झाले.

"केतकी, तू मोकळी कधी असतेस?"

"बाबा, काय विचारता. तुमच्यासाठी कधीही."

"तसं नाही चालत. वार लिहायचाय."

केतकीने फोनवर वेळापत्रक काढून पाहिले.

"मंगळवार," ती म्हणाली. आणि विनायकराव लिहीत असतानाच पुढे म्हणाली, "पण चारच्या आत. पाचला माझा क्लास असतो."

विनायकरावांनी तेही लिहून घेतले.