शंभर टक्के समाधानी दवाखाना

नगरपालिकेच्या दवाखान्यात येणारे रुग्ण समाधानी आहेत की नाहीत, हे त्यांना नुसतं विचारून कळण्यासारखं नव्हतं. कारण विचारलं की ते खरं सांगून टाकत. तेव्हा या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध अभ्यास व्हावा असं ठरलं आणि ते काम संशोधन केंद्रातल्या टक्केसाहेबांकडे आलं.

टक्केसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. आकड्याखेरीज ते कशावरच विश्वास ठेवत नसत, म्हणून सहकाऱ्यांनी ते पाडलं होतं. आणि बहुसंख्य सहकारी याच नावाने हाक मारतात अशी खात्री करून घेऊन त्यांनी ते स्वीकारलं होतं. लग्नाच्या वाढदिवसाला त्यांनी बायकोला एक ते पाच या मोजपट्टीवर संसाराला गुण द्यायला सांगितले. तिने भाजी चिरता चिरता तीन दिले.

"तीन म्हणजे तटस्थ," साहेबांनी समजावलं. "नवराबायकोत तटस्थता ही फार निरोगी गोष्ट समजली जाते."

"मग दोन लिहा," ती म्हणाली.

दवाखाना लहान होता. दोन डॉक्टर, एक नर्सबाई, अरुंद बोळात समोरासमोर दोन बाकं. बसलेल्यांचे गुडघे एकमेकांना लागत आणि उभे असलेले ते गुडघे ओलांडत ये-जा करत. टक्केसाहेबांनी कित्येक दिवस बोळातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला प्रश्न विचारले, उत्तरं संगणकात भरली आणि निम्म्याहून अधिक माणसं असमाधानी असल्याचं केंद्राच्या संचालिका मॅडमना कळवलं.

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "टक्केसाहेब, अहवालाचं प्रकाशन ठरलंय. पाहुण्यांचं भाषणही लिहून झालंय आणि त्यात रुग्ण समाधानी आहेत."

"पण विश्लेषणातून ते निघत नाही, मॅडम."

"विश्लेषण करत करत संशोधक निष्कर्षापर्यंत पोचतो, असं तुम्हीच नव्या लोकांना शिकवता ना? मग बरंच आहे की. निष्कर्ष आधीच येऊन बसलाय. तुम्ही तेवढे पोचा."

टक्केसाहेब लबाड नव्हते. खोटा आकडा लिहिण्यापेक्षा त्यांनी नोकरी सोडली असती, निदान तसं ते घरी म्हणत. त्यांनी आकड्यांना हात लावला नाही. फक्त माणसांकडे पुन्हा एकदा पाहिलं. काही जणांनी फारच टोकाची उत्तरं दिली होती. अशी टोकाची मूल्यं सरासरी बिघडवतात, म्हणून ती बाजूला काढायची पद्धत आहे. आरडाओरडा केलेले गेले. 'अतिशय' या शब्दाखाली रेघ मारलेले गेले. एका आजोबांनी उत्तर न देता नुसतं साहेबांकडे पाहिलं होतं, तेही गेले.

तरी बेरीज जमेना. मग त्यांच्या लक्षात आलं की असमाधानी लोकांत बरेचसे असे आहेत, जे ताटकळून डॉक्टरांना न भेटताच घरी गेले. आता रुग्ण म्हणजे कोण? ज्याच्यावर उपचार होतात तो. यांच्यावर तर उपचार झालेच नव्हते. मग हे लोक दवाखान्याच्या बोळात बसून विनाकारण मत देणारे त्रयस्थ ठरले. त्यांना वगळताच टक्केवारी अशी वर चढली, की साहेबांनी खुर्चीतच पाय हलवले.

त्या आनंदात त्यांनी आलेख काढला आणि आयुष्यातला पहिला शोध त्यांच्या हाती लागला. ज्या ज्या वेळी एक डॉक्टर रजेवर होते, त्या त्या वेळी रुग्णांचं समाधान वाढलं होतं. कारण उघड होतं. डॉक्टर एकच असला की बहुतेक लोक कंटाळून निघून जात आणि जे चिवटपणे टिकून राहत, त्यांना अखेर डॉक्टर दिसल्यावर गहिवरून येई. कारण उघड असूनही साहेबांना ते दिसलं नाही, कारण त्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता. डॉक्टर कमी तर समाधान जास्त, आणि हा संबंध योगायोगाचा असण्याची शक्यता जवळजवळ नाहीच, एवढं मात्र त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं.

नगरपालिकेला इतकी स्वस्त शिफारस आजवर कोणी केली नव्हती. एका डॉक्टरांची लगेच बदली झाली. समाधान आणखी वाढलं. सिद्धान्त खरा ठरला. टक्केसाहेबांना शाल मिळाली. दवाखान्याच्या बोळात त्यांचा आलेख चौकटीत लावला गेला आणि दुसऱ्या डॉक्टरांचे येण्याचे दिवसही कमी झाले.

अशात एके दिवशी साहेबांची आई दवाखान्यातून हात हलवत परत आली. तिचा रक्तदाबाचा त्रास जुना होता, गोळ्याही संपल्या होत्या.

"दुपार गेली बसून," चपला काढत ती म्हणाली. "शेवटी उठून आले. तुझ्या त्या अभ्यासात हे घातलंयस की नाही?"

"आई, तू न तपासता आलीस म्हणजे शास्त्राप्रमाणे तू रुग्णच नव्हतीस."

आईने मुलाकडे निरखून पाहिलं. "आणि हे गरगरतंय ते कोणाचं डोकं?"

"अहो, त्यांना दुसरीकडे दाखवा," बायको म्हणाली. "उद्या नको, आत्ताच."

पण स्वतःच्या अभ्यासाने नावाजलेला दवाखाना सोडून आईला दुसरीकडे नेणं साहेबांना कसंसंच वाटलं. लोक काय म्हणतील, याचा त्यांनी अंदाज घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः तिला घेऊन दवाखान्यात गेले. बाकं रिकामी होती. गर्दी हटली म्हणून त्यांना क्षणभर बरंच वाटलं.

"डॉक्टर?" त्यांनी विचारलं.

"ते गुरुवारी येतात," नर्सबाई म्हणाल्या. "मोठ्या इस्पितळात न्या. आजींचा चेहरा ठीक दिसत नाहीये."

साहेबांनी वळून पाहिलं. आई त्यांच्याच आलेखाखाली बसली होती. ती काहीतरी सांगत होती, पण तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि शब्द धड बाहेर पडत नव्हते. उजव्या हातातली पिशवी तिच्या नकळत गळून पडली होती. साहेबांनी तिला अक्षरशः उचललं आणि रस्त्यात उभं राहून, येईल त्या गाडीला हात केला. त्या वेळी त्यांनी काहीही मोजलं नाही.

आई वाचली. बोलणं हळूहळू सुधारलं, उजवा हात मात्र पूर्वीसारखा झाला नाही. तिने मुलाला एका शब्दाने बोल लावला नाही. जेवताना चमचा डाव्या हातात धरायची, तेव्हा साहेब पाणी आणायला म्हणून उठून जात.

आणि मग त्यांनी पहिल्यांदा खरंखुरं संशोधन केलं. जे परत गेले होते त्यांना घरोघरी जाऊन गाठलं. कोण आता कुठे उपचार घेतं, कोणाचे उपचार सुटले, कोणाचं काय बिघडलं, सगळं विचारलं. गाळलेली माणसं परत हिशोबात घेतल्यावर त्याच आकड्यांनी पूर्ण उलटा निष्कर्ष दिला, आणि तो इतका स्वच्छ होता की साहेबांना स्वतःची लाज वाटली. ते नवा अहवाल घेऊन मॅडमकडे गेले.

मॅडमनी तो शेवटपर्यंत वाचला. "आईंचं ऐकून वाईट वाटलं. पण एका उदाहरणावरून निष्कर्ष काढू नये, हे तुमचंच वाक्य."

"एक नाही, मॅडम. अख्खी वस्ती आहे."

"पण ती दवाखान्यात येत नाही ना? आपला विषय दवाखाना आहे. वस्ती हा वेगळा विषय, त्याला मंजुरी नाही." मग आवाज मऊ करून त्या म्हणाल्या, "केंद्रातल्या कर्मचाऱ्यांच्या समाधानाची पाहणीही याच आठवड्यात आहे. सगळ्यांची उत्तरं सारखी आलीत. तुमचं तेवढं राहिलंय. टोकाचं उत्तर आलं तर काय करतात, ते मी तुम्हाला सांगायला नको."

टक्केसाहेबांच्या डोळ्यांपुढे घराचा हप्ता आला, आईची औषधं आली. नोकरी सोडण्याविषयी आपण घरी जे म्हणत असू, तेही आठवलं. मग त्यांनी 'पूर्ण समाधानी' या चौकोनात खूण केली आणि नवा अहवाल बॅगेत घालून घरी नेला.  काय झालं ते बायकोने चेहऱ्यावरूनच ओळखलं.

दवाखाना पुढे बंद झाला. शेवटच्या पाहणीत असमाधानी रुग्ण एकही आढळला नव्हता.

साहेब आजही केंद्रातच आहेत आणि ही हकिगत त्यांनी तपासून दिली आहे. काही वाचक ती अर्ध्यात टाकून उठले, असं त्यांच्या कानावर आलं. ते व्याख्येनुसार वाचकच नव्हेत, असं त्यांनी नम्रपणे कळवलं आहे. आपण मात्र शेवटपर्यंत बसून राहिलात, एकदाही आवाज चढवला नाहीत, उठून कुठे तक्रारही केली नाहीत. आपली नोंद समाधानी म्हणून झाली आहे.