पाखऱ्याच्या शिंगावरचा चुना

दुसरं महायुद्ध संपलं त्या साली विट्याच्या रस्त्यावर कोळशावर चालणारी मोटार एकदम ठसकली. पाखऱ्या बैल बुजला आणि हाताला गुंडाळलेल्या कासऱ्याच्या हिसक्यानं जोतीरामचा उजवा खांदा निखळला. सांगलीच्या डॉक्टरांनी तो बसवला खरा, पण हात काही कानाच्या वर जाईना.

डॉक्टरांनी व्यायाम सांगितले होते. वाकून हात घागरीसारखा हेलकावायचा. भिंतीवर बोटं मुंगीसारखी चढवत न्यायची. गर्दीत धक्का लागू नये म्हणून हात झोळीत अडकवला, तरी मूठ मिटत-उघडत ठेवायची. हरणाबाईनं नवऱ्यासाठी घरच्या भिंतीवर उंच चुन्याचं बोट उमटवलं होतं.

"तितं हात पोचल्याबिगर भाकरी न्हाई," ती दटावायची. भाकरी मिळायची, बोटं मात्र पोचायची नाहीत.

थोरल्या भावाला, नानासोला, पेरणीची घाई. "एका हातानं औत धरनार व्हय रं? पेरनीपतुर हात डोक्यावर गेला तर पाखऱ्या दारात, न्हाईतर बाजारात!"

जोतीरामनं पाखऱ्याला खोंड असल्यापासून हातानं चारलं होतं.

"आज नुसती किंमत बघू," म्हणत नानासोनं दोघांना विट्याच्या बाजारात नेलं. जोतीराम बैलाशेजारी उभा राहिला. हात झोळीत, धूळ नको म्हणून वर उपरणं, आणि उपरण्याखाली मूठ मिटतेय, उघडतेय.

आता बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरायची आणि मुकाट्यानं ठरवायचं. हलतं उपरणं सयाजी दलालानं पाहिलं आणि सरळ आत हात घातला.

"आवं, मला इकायचा न्हाई!" जोतीराम दचकला.

"त्वांडानं समदी तसंच म्हनत्यात," सयाजी दुसरीकडे बघत म्हणाला.

जोतीरामनं हात ओढायला पाहिला, तर खांदा साथ देईना. त्यानं बोटं सोडवायला वळवळ केली, आणि दर वळवळीला पाखऱ्याचा भाव चढला. सयाजीला घाम फुटला. "लय पक्का हाईस गड्या! झोळीचं सोंग घेऊन आलायस!" शेवटी खांद्यात कळ आली आणि जोतीरामची मूठ सयाजीच्या बोटांवर घट्ट आवळली गेली.

"ठरलं!" सयाजी ओरडला आणि नानासोच्या कानात आकडा बोलला.

नानासोचे डोळे विस्फारले. "एवढ्यात जोडी यील की! सोड रं कासरा."

"आरं, त्यो व्यायाम हुता! डाक्टरचा!"

"असला कसला व्यायाम?" भोवती माणसं जमली तसा सयाजी चिडला. "समद्यांम्होरं करून दाव. त्यानं हात डोक्यावर गेला तर बैल तुजा, न्हाईतर माजा!"

जोतीरामनं झोळी काढली. वाकून हात हेलकावला.

"पाण्यात पडलेली घागर हुडकतंय जनू," कुणीतरी म्हणालं.

पुढच्या व्यायामाला भिंत हवी. मोकळ्या माळावर भिंत कुठली? जोतीरामनं इकडंतिकडं पाहिलं आणि बोटं पाखऱ्याच्या बरगडीला लावली. बोटं चढू लागली. वशिंड ओलांडलं, मान ओलांडली, शिंगाच्या बुडाशी आली आणि थांबली. हात कानाशी अडला.

"झालं का?" सयाजीनं कासरा उचलला.

शिंगाच्या बुडाशी बोटांच्या गुदगुल्या झाल्या, तसं पाखऱ्याला बरं वाटलं. त्यानं डोळे मिटून हळूहळू मान वर केली. जोतीरामनं शिंग सोडलं नाही. बोटं शिंगावरून सरकत टोकाकडे निघाली, मागून हात निघाला, खांद्यात कट्‌कन वाजलं.

"नाना!" जोतीराम किंचाळला. "माजा हात कुटं हाय बग!"

हात डोक्याच्या वर होता. सरळ, पाखऱ्याच्या शिंगाच्या टोकाला. जोतीरामनं तिथंच पटका सोडला आणि स्वतःच्या दोन्ही हातांनी पुन्हा बांधला. चांगला वाकडातिकडा बसला, पण सगळ्या बाजारानं आरोळी ठोकली. नानासोनं सयाजीकडून कासरा घेऊन भावाच्या हाती दिला.

"ने बाबा तुजी भिंत," सयाजी म्हणाला. त्यानंतर तो कुणाच्याही उपरण्यात हात घालण्याआधी विचारू लागला, "खांदा धड हाय न्हवं?"

घरी हरणाबाईनं सगळं ऐकलं. आधी भिंतीवरचा चुना पुसून टाकला. मग डबीतला ताजा चुना घेऊन पाखऱ्याच्या शिंगाच्या टोकाला लावला.

"आता रोज हितंच करायचा व्यायाम," ती म्हणाली. "भित्ताड काय आपनहून मान वर करत न्हाई."