कडब्याचं छप्पर

समुद्र बघायला जायचं ठरलं तेव्हा लालीबाईनं एकच प्रश्न विचारला, "तिथं बैल हायेत का?"

"याडी, समुद्र हाय तो, पोळा नाही," खेमसिंग म्हणाला.

बाभुळगावजवळच्या त्यांच्या तांड्यावर आईला याडी म्हणतात, आणि खेमसिंगच्या याडीचा एक नेम होता. बैलाच्या तोंडी चारा दिल्याशिवाय ती स्वतःच्या तोंडात घास घालत नसे. वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर हिंडलेले. बैल उपाशी तर मालक वाटेतच बसला, हे त्यांचं शास्त्र. मिठाचा तो धंदा रेल्वेनं केव्हाच खाल्ला, बैल औताला लागले, पण म्हातारीचा नेम काही सुटला नाही.

हा प्रवासही त्या मिठापायीच निघाला होता. लालीबाईचा आजा थेट समुद्रापर्यंत जाऊन आलेला. "पाणीच पाणी, अन् पल्याडचा काठच नाही," असं तो सांगायचा आणि अख्खा तांडा पोट धरून हसायचा. काठ नसलेलं पाणी कधी कुणी पाहिलंय? बिचारा मरेपर्यंत थापाड्या म्हणूनच राहिला. एकट्या नातीचा त्याच्यावर विश्वास होता. आता तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, आणि दिसतंय तोवर आज्याचं खरंखोटं करून घ्यावं एवढीच तिची इच्छा उरली होती. लेकाच्या जिवाला तेच लागून राहिलं होतं.

वाट दाखवायला भीमराज मास्तर तयार झाले. मास्तर शाळेतले, तरुण. घरानं नागपूरला जाऊन दीक्षा घेतल्यापासून ते कुठलीही गोष्ट 'काहून?' विचारल्याशिवाय मानत नसत. मागं एकदा शाळेची सहल घेऊन ते समुद्राकाठी गेले होते, तिथं सहलीवाल्यांसाठी बांधलेल्या लाकडी केबिनीत राहिले होते.

"एकच अडचण हाय, खेमसिंगभाऊ," मास्तर म्हणाले. "केबिनीले भिंती हायेत, पण छप्पर नाही. पावसाळ्याआधी काढून ठेवतात. मंग जो पयले राहाले येते, त्यानंच शाकाराचं."

"मंग आपला कडबा घेऊन जाऊ," लालीबाई ताबडतोब म्हणाली.

"माय, तिकडं नारळाच्या झावळ्या भेटतात ना!"

"परक्या पाल्याखाली मले झोप येत नाही."

म्हातारीपुढं शहाणपण कोण चालवणार? नुकत्याच निघालेल्या ज्वारीचा गोड वासाचा कडबा, त्याच्या पेंढ्यांचे दोन दांडगे भारे बांधले गेले. यवतमाळच्या लहान गाडीत त्यांचं कुणाला काही वाटलं नाही, कारण शेजारच्या बाकाखाली बकरी होती आणि तिनं मूर्तिजापूर येईपर्यंत छपराचा एक कोपरा हलका केला. खरी पंचाईत झाली मोठ्या गाडीत.

"ये क्या है?" तिकीट तपासनिसानं विचारलं.

"छप्पर हाय साहेब," खेमसिंग म्हणाला.

"हमको तो चारा दिखता है."

"ते तुमी जनावराच्या नजरेनं पाहून राह्यले म्हणून."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी केबिन, पावसाळा आणि शाकारणी हा सगळा धडा पुन्हा शिकवला, तेव्हा कुठं भारे गार्डाच्या डब्यात गेले. पुढं एसटीच्या टपावर चढवताना कंडक्टर कुरकुरला, तेव्हा मास्तर स्वतःच म्हणाले, "छपरावर छप्पर हाय बापा, राहू दे."

पण खेमसिंगला काळजी निराळीच होती. याडी जेवत नव्हती. जमनीनं, त्याच्या बायकोनं, बांधून दिलेल्या भाकरी तशाच होत्या. म्हातारी नुसता चहा घ्यायची आणि म्हणायची, "भूक नाही." भूक का नाही ते लेकाला ठाऊक होतं. एका स्टेशनाबाहेर त्याला टांग्याचा घोडा दिसला.

"याडी, घोडा चालते का?"

"घोडा का औत ओढते?" म्हातारीनं तोंड फिरवलं.

केबिनीपाशी पोचले तेव्हा दिवस बुडाला होता. लालीबाईला वाळूच्या टेकाडामागून नुसती गाज ऐकू आली, दिसलं काहीच नाही. समुद्र सकाळी पाहू म्हणून दोघा बाप्यांनी कंदिलाच्या उजेडात शिडी लावली आणि केबिन कडब्यानं शाकारून टाकली. प्रवासानं अंग आंबलं होतं. पडल्या पडल्या दोघं घोरू लागले.

पहाटे नाकावर दव पडलं म्हणून खेमसिंग उठला. डोळ्यांसमोर आभाळ होतं. अर्धं छप्पर गायब!

तो बाहेर धावला. दारात एक हाडकुळा बैल डोळे मिटून, मान डोलावत कडबा चघळत होता. त्याच्याशेजारी बसून लालीबाई शिळी भाकरी मिरचीच्या ठेच्याशी आवडीनं खात होती. याडी जेवतेय हे पाहून खेमसिंगला बरं वाटलं, पण त्याला आधी रागवायचं होतं. तेवढ्यात बैलाला हाका मारत एक माणूस वाळूतून पळत आला. त्याचं नाव गोमा.

"तुमच्या बैलानं आमचं घर खाल्लं!" खेमसिंग ओरडला.

"काय खाल्लं?"

"घर! वरून खाल्लं!"

भांडण आता हातघाईवर येणार म्हणून मास्तर मधे पडले. पण गोमाचं त्या दोघांकडं लक्षच नव्हतं. तो बैलाच्या हलणाऱ्या जबड्याकडं बघत राहिला, आणि मग बैलाच्या गळ्यात पडून रडू लागला.

"जोडीदार मेला तवापासून यानं चाऱ्याला तोंड लावलं नाय हो! पेंढा आणला, हिरवा पाला आणला, कायपण खाईना. सगले बोलले, हा आता जगत नाय. अन् तुमी याला जेवाय घातलंत!"

खेमसिंगचा हात वरच्या वर राहिला. आभार मानणाऱ्याशी भांडायचं कसं, हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. गोमानं तिघांना घरी नेलं, पोटभर खाऊ घातलं, आणि म्हातारीला वाळूत चालवेना म्हणून शेजाऱ्याची बैलजोडी मागून आणून गाडी जुंपली. गाडी थेट पाण्यात शिरली. चाकं अर्धी बुडाली तेव्हा कुठं त्यानं कासरा ओढला.

ऊन वर आलं होतं. लालीबाईनं कपाळावर आडवा हात धरला आणि डावीकडून उजवीकडं सावकाश पाहिलं. पुन्हा उजवीकडून डावीकडं पाहिलं. धूसर का होईना, पण लखलखणारं पाणी तिला दिसत होतं, आणि काठ कुठंच नव्हता.

"आज्या, तू खरा व्हता रे," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. तिनं वाकून ओंजळभर पाणी घेतलं, चाखलं, तोंड वाकडं केलं आणि हसली. खेमसिंगनं गोमाचे दोन्ही हात धरले.

सगळे गहिवरलेले असताना मास्तरांना मात्र त्यांच्या सवयीनं गाठलं.

"एक गोष्ट समजून नाही राह्यली. छप्पर माणसापेक्षा उंच. मंग बैलानं खाल्लं कसं?"

गोमानं मास्तरांकडं पाहिलं. खेमसिंगनं याडीकडं पाहिलं. याडी समुद्राकडं पाहत होती.

"याडी?"

"शिडी तुमीच लावून ठेवली व्हती," लालीबाई म्हणाली. "दारी बैल आला. उपाशी धाडाचा का त्याले?"

"तू चढली? या डोळ्यानं?"

"घरच्या गंजीवर काय डोळ्यानं चढतो का मी?"

"अन् परक्या पाल्याखाली झोप येत नाही म्हणे! म्हणजे तू कडबा छपरासाठी आणलाच नव्हता!"

म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं आणि गोमाच्या पाठीवर थाप मारली.

"उरलेलं छप्पर काढून घेऊन जाय रे बापू, त्याले सांजच्याले लागन," ती म्हणाली. "आमाले झावळ्या चालतात."