कादरभाईंची दोन पावलं

आमच्या चौक गावच्या कादरभाईंकडे फोटो बघायला गेलात, तर ते फोटो दाखवतच नाहीत. हातात भिंग देतात आणि एक कागद पुढं सरकवतात. अख्खा रोल त्यावर तिकिटाएवढ्या चित्रांत ओळीनं छापलेला. याला म्हणायचं कॉन्टॅक्ट शीट.

"मोठा फोटो लबाड असतो, ताई. फोटोवाला कुठं कुठं भटकला ते त्यात दिसत नाय. हितं बगा."

पोटासाठी हायवेलगत पासपोर्ट फोटोंचं दुकान आणि जिवासाठी हे रोल. ते धुवायचे घरच्या मोरीत. आत लाल दिवा लागला की घरात कुणाची आंघोळ करायची बिशाद नाही.

भिंगातून बघत गेलं की कादरभाई चालताना दिसतात. पहिल्या चौकटीत साजगावचा कामगार रस्त्यापलीकडे. मग जरा अलीकडे, मग त्याचे हात, शेवटी नुसते डोळे. "आजून दोन पावलं" हे त्यांचं पालुपद. त्यापायी लोधिवलीच्या एका म्हशीनं लेन्स चाटली. तीही चौकट जपलेली आहे, धुक्यात तरंगणारी जीभ. मला तीच सगळ्यात आवडते.

एवढं करून स्वतःच्या लेकीचा, नसीमाचा, एक धड फोटो नाही. तिचं लग्न ठरलं, सासर दुबईला.

"अब्बा, सगल्या गावाचं काडलं. माजा एक तरी काडा. तिकडं भिंतीला लावीन."

एका सकाळी बापलेक धरणाच्या बांधावर जाऊन आले. दोन दिवसांनी कादरभाई शीट घेऊन माझ्याकडे. "लावन्याजोगा एक पन नाय, ताई. तिला कसा सांगू?"

मी भिंग लावलं. सगळं उलटंच होतं. आधी नुसते डोळे, मग चेहरा, मग उभी नसीमा, मग बांधावर इवलीशी. शेवटच्या चौकटीत पाणी, धुकं आणि ओढणीचा ठिपका.

"तुम्ही मागं मागं गेलात, कादरभाई."

"जवलून तर जलमभर बगितली," ते खाली बघत म्हणाले. "लांबून बगायची सवय करत व्हतो."

नसीमा दारात कधी आली, कळलं नाही. तिनं माझ्या हातातलं भिंग घेतलं आणि कागद बराच वेळ बघितला.

"मोठा नको, अब्बा. ह्योच कागद द्या. मी शेवटाकडनं बगत जाईन. मंग तुमी जवल येता."

भिंगही तिच्याबरोबरच गेलं. हल्ली आम्ही कादरभाईंच्या शीट डोळे बारीक करून बघतो.