नांदखुट्याच्या पाण्यातली अकरा औषधे

मराठी भाषेत औषध हा एक थोर शब्द आहे. ते माणसाला दिले तर माणूस वाचतो, कपाशीला दिले तर अळी मरते आणि अर्जात लिहिले तर कार्यालय जागे होते. पहिल्या दोन बाबतींत कधीकधी उलटे घडते (माणूस मरतो, अळी वाचते). तिसऱ्या बाबतीत मात्र आजवर अपयश नाही.

नांदखुटा हे मेहकरहून दुसरबीडकडे जाताना रस्त्यापासून बरेच आत राहिलेले गाव. गावाला एक नाला, नाल्याच्या काठाला गावची विहीर आणि विहिरीला लागून जनकाबाईंचे घर. नाला वरच्या अंगाच्या शहरातून निघतो आणि शहराला नको झालेले सगळे सोबत घेतो. वाटेत कपाशीची शेते लागतात, तिथे उरलेसुरले तेही उचलतो. असा हा सर्वांना सामावून घेणारा नाला पावसाळ्यात विहिरीला वरून भेटतो, उन्हाळ्यात जमिनीखालून.

जनकाबाई सून होऊन आल्या त्याला सेहेचाळीस वर्षे झाली, तेव्हापासून हेच पाणी. त्यांना बीपी होता. उपकेंद्रातल्या अर्पिता सिस्टर महिन्याच्या गोळ्या देत, जनकाबाई रोज सकाळी एक गोळी घेत आणि मग दिवसभर कोणाला सोडत नसत. गोळी चुकली की मान जड होई, डोळ्यांपुढे काजवे चमकत आणि त्या कोणाला काहीच बोलत नसत. त्यांची तब्येत बिघडल्याचे गावाला शांततेवरून कळे.

हकिकत गुलाबी बोंडअळीच्या वर्षाची. बीटी कपाशीला बोंडअळी लागत नाही असे सर्वांना सांगण्यात आले होते. फक्त अळीला सांगायचे राहून गेले. जनकाबाईंच्या मुलाने, निवृत्तीने, सात फवारण्या केल्या. अळी बाळसे धरत गेली आणि विहिरीच्या पाण्याला वास येऊ लागला. जनकाबाईंनी ग्रामसभेत घागर आणून आपटली. सभेने पाण्याचा वास घेतला, नाके मुरडली आणि ठराव पुढच्या सभेवर टाकला.

अशा वेळी दुसरबीडच्या वहाब मिस्त्रींचा मुलगा अजहर नांदखुट्यात आला. बापाने जन्मभर पाण्याच्या मोटारी दुरुस्त केल्या. मुलगा इंजिनिअर होऊन थेट पाणीच दुरुस्त करायला निघाला. त्याने कॉलेजातून दोन महिन्यांच्या बोलीवर एक यंत्र आणले होते: काचेच्या पेट्या, आत पांढरे पातळ पडदे.

“मावशी, साधा पडदा कचरा अडवते. औषध इतकं बारीक असते का ते निसटूनच जाते. म्हणून या पडद्याले लेप लावला. ऊन पडलं का लेप जागा होते अन् औषधाचे तुकडे तुकडे करते.”

“म्हणजे अडवत नाही, कुटून काढते.”

“हाव.”

“मंग असं सांग ना बे! मले वाटलं, खिडकीले लावाचा पडदा आणला.”

दोन महिन्यांत परवानगी मिळाली तर यंत्र गावाचे, नाहीतर परत कॉलेजचे. परवानगीसाठी पाण्याचा तपासणी अहवाल हवा होता. तो चौदा पानी आणि इंग्रजीत आला. सोबत मराठी सारांश जोडावा असा नियम होता. अजहरने साहेबांना चटकन कळावे या भाबड्या हेतूने एकच ओळ लिहिली: ‘विहिरीच्या पाण्यात एकूण अकरा औषधे आढळली.’

त्यांतली चार कपाशीवर मारायची होती. सात माणसांनी गिळायची, म्हणजे शहरातल्या माणसांनी गिळून, वापरून, मोकळी केलेली. हे सगळे चौदा पानांत होते. सारांशात नव्हते.

अर्ज पेयजल व औषधी समन्वय कक्षात गेला. तिथे रंगराव साहेब बसत. पाच ठिकाणी बदली होऊनही त्यांच्या हातून कुठे चूक झाली नव्हती, कारण चूक होण्यासाठी आधी काहीतरी व्हावे लागते. पण औषध हा शब्द वाचून तेही सावरून बसले आणि पुढील टिपणी लिहिली. तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ती पाठ करावी.

बीटी कपाशीला फवारणी लागत नाही. जे लागत नाही ते शेतकरी करत नाही. सबब फवारणी झालेली नाही आणि पाण्यातील औषध शेतीचे नाही. जे शेतीचे नाही ते माणसाचे. म्हणजे नांदखुट्याच्या नागरिकांना अकरा प्रकारची औषधे घरपोच, विनाचिठ्ठी, विनारांग मिळत आहेत (उपकेंद्रात फक्त सहा प्रकार आहेत, तेही असले तर). हा दुबार लाभ होय. उपकेंद्राच्या गोळ्या तात्काळ थांबवाव्यात. तसेच अर्जदाराचे यंत्र जनतेच्या औषधाचे तुकडे तुकडे करते असे तो स्वतःच म्हणतो, तरी त्याच्यावर कारवाई का करू नये याचा खुलासा घ्यावा.

सोबत परिशिष्ट होते. पाण्यातील बीपीच्या औषधाचे प्रमाण पाहता, रोज तीन लिटर पाणी प्यायल्यास एक संपूर्ण गोळी पोटात जाण्यास एक्क्याण्णव वर्षे चार महिने लागतात. गोळी एकाच दिवसात संपवावी अशी सक्ती कोणत्याही परिपत्रकात आढळत नाही. श्रीमती जनकाबाई यांना सेहेचाळीस वर्षांत अर्ध्याहून थोडी जास्त गोळी पोचलेली आहे. सबब घाईचे कारण दिसत नाही.

अर्पिता सिस्टरने रिकामे हात दाखवले. “मावशी, गोळ्या बंद केल्या वरून. तुमची गोळी विहिरीत आहे म्हणतात.”

“कोनं फेकली?”

नवव्या दिवशी जनकाबाई अजिबात बोलेनाशा झाल्या. गाव घाबरले. लोक मुद्दाम त्यांच्या दारात कचरा टाकून पाहू लागले, पण दार उघडेना. शेवटी अजहरने त्यांना एस.टी.त बसवून कक्षात नेले.

रंगरावांनी परिशिष्ट वाचून दाखवले. जनकाबाई मान धरून ऐकत होत्या. अर्ध्या गोळीचा मुद्दा आला आणि नऊ दिवसांनी त्यांचे तोंड उघडले.

“सायेब, तुम्हाले बीपी आहे?”

“आहे, पण त्याचा इथे संबंध नाही.”

“गोळी घेता?”

“रोज.”

“मंग फेकून द्या ती. आमच्या गावाले या राह्याले. तुम्हाले इथं एकट्या बीपीचं भेटते. आमच्या विहिरीत साखरेचं आहे, गुडघ्याचं आहे, तापाचं आहे, झालंच तर अळीचंबी आहे. कुठं वळवळ असन तर तेबी बसून जाईन!”

रंगरावांचा चेहरा लाल झाला. त्यांनी खणातून गोळी काढली, सीलबंद बाटली फोडली आणि गोळी गिळली.

“बाटलीचं पाणी काऊन पेता सायेब? त्यात त काहीच औषध नसते.”

कक्षातला शिपाई हसला (त्याचीही नोंद झाली). रंगरावांनी जबाब लिहून घेतला: ‘तक्रारदाराने पाण्यातील औषधांची उपयुक्तता मान्य केली असून वरिष्ठांनाही लाभ घेण्याची विनंती केली आहे.’

मात्र कॉलेजचे यंत्र हाकलले तर पेपरात येईल, ही भीती होती. म्हणून मधला मार्ग निघाला. लेप उन्हाने जागा होतो. सबब अंतिम परवानगी होईपर्यंत यंत्र तात्पुरते बसवण्यास हरकत नाही, पण ते ताडपत्रीखाली, पूर्ण अंधारात चालवावे. ताडपत्री कक्षाकडून देण्यात येईल. उद्घाटनाला रंगराव आले, फीत कापली आणि यंत्र झाकले. अजहरच्या डोळ्यांत पाणी आले. जनकाबाईंनी ताडपत्री चिमटीत धरून पाहिली.

“चांगली जाड आहे,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांना लाल मिरची वाळत घालायची होती आणि इतकी चांगली ताडपत्री यंत्रावर नुसती पडून होती. दिवस उगवला की त्या ती काढून मिरची पसरत, दिवस मावळला की मिरची भरून पुन्हा यंत्र झाकत. आदेशात झाकायचे सांगितले होते. उघडू नये असे कुठेही लिहिले नव्हते. मिरची संपल्यावर तूर आली, तूर संपल्यावर शेजारच्या गोजरबाईंच्या शेवया. पडद्यावर दिवसभर ऊन पडत राहिले.

तीन आठवड्यांनी कक्षाचा माणूस येऊन यंत्रातून आलेले पाणी घेऊन गेला. अहवाल आला: अकरापैकी एकही औषध नाही.

रंगरावांना खुर्चीत घाम फुटला. गावाचा औषधसाठा त्यांच्या देखरेखीखाली संपला होता. ही चूक होती आणि ती त्यांचीच होती, म्हणजे अखेर त्यांच्या हातून काहीतरी झाले होते. वर कळण्याआधी त्यांनी त्याच दिवशी उपकेंद्राला दुप्पट गोळ्या पाठवल्या. मग अज्ञात इसमांनी औषध चोरल्याची तक्रार दिली, आणि यंत्र हा तपासातला पुरावा असल्याने ते पुढील आदेशापर्यंत जागचे हलवू नये, असे कॉलेजला कळवले. तपास अजून चालू आहे. पाणी स्वच्छ येते. जनकाबाई पहाटे गोळी घेतात आणि सात वाजेपर्यंत गल्लीतल्या चार जणांचा उद्धार झालेला असतो.

आता नाला काही नांदखुट्याला थांबत नाही. तो पुढे पैनगंगेला मिळतो आणि पैनगंगा कोणाकोणाच्या नळाला मिळते ते ज्याने त्याने आपल्या घरी पाहावे. (तुमचे गाव कोणते, हे विचारायचे कारण नाही. प्रत्येक गाव कोणाच्या ना कोणाच्या खालच्या अंगाला असतेच.) तुमच्या नळाला असला पडदा नाही आणि तुमचे पाणी कोणी तपासायला नेलेले नाही, तेव्हा त्यात काही नाही असे समजायला हरकत नाही. तरीपण हे वाचताना शेजारचा पेला उचलून दोन घोट घेतले असतील आणि जरा बरे वाटले असेल, तर त्याचे श्रेय कक्षाला देऊ नका. जनकाबाईंना द्या. त्या एक दिवस गोळी चुकवत नाहीत आणि सिस्टरने सांगितल्याप्रमाणे पाणीही भरपूर पितात; पुढचे काम नाला करतो.